महाकालवनाची सावली

स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात आपल्या नगरीस महाकालवन म्हटले आहे. क्षेत्राच्या नावातच वन असावे, हे भाग्य थोड्याच शहरांचे. कालिदासाने ‘मेघदूता’त महाकालाच्या देवळालगतचे उद्यान व गंधवतीवरून येणारा सुगंधी वारा वर्णिला. ते उद्यान आज कोणी दाखवू शकणार नाही. परंतु आपल्या घराण्यांच्या स्मृतीत मावणाऱ्या काळात काय घडले, ते तपासून पाहता येते.

राणोजी शिंदे यांनी येथे ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. त्या सुमारापासून आपले पूर्वज येथे स्थिरावत गेले. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली. वडीलधाऱ्यांनी त्याचे दुःख पुष्कळ उगाळले. आमच्या मते मात्र त्यामुळेच येथील मळ्यांना आणि सप्तसागरांच्या काठांना शतकभर उसंत मिळाली.

विसाव्या शतकात कापडगिरण्या आल्या, रेल्वेरुळांपलीकडे फ्रीगंज वसले, १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ झाले. या वस्तीत निदान रस्त्याकडेला झाडांस जागा होती. त्यानंतरच्या वसाहतींत भिंतीला भिंत लागली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख १५ हजारांवर गेली.

सिंहस्थाचे नाते याहून गुंतागुंतीचे आहे. मेळ्यासाठी क्षिप्रेकाठची जमीन मोकळी ठेवावी लागते. २०१६ मध्ये हे क्षेत्र सुमारे ३ हजार हेक्टर होते. पक्क्या बांधकामास तेथे मज्जाव असल्यामुळे नदीकाठी शेते टिकली, अन्यथा तेथेही घरे दिसली असती. परंतु त्याच मेळ्यासाठी दर बारा वर्षांनी रस्ते रुंद होतात आणि कडेचे जुने लिंब, पिंपळ प्रथम जातात. मेळा भरतो तो ऐन चैत्र-वैशाखात! आता २०२८ ची सिद्धता सुरू आहे.

यात आम्ही केवळ साक्षीदार नव्हतो. मध्य प्रदेशात २००१ मध्ये नागरी वृक्षांच्या रक्षणाचा कायदा झाला. तोडीस परवानगी व बदल्यात लागवड, असा त्याचा आशय. शासकीय सेवेत असताना अशी प्रकरणे आमच्याही मेजावरून गेली. ‘रोपे लावली’ या रकान्यात आम्ही आकडा भरीत असू. ‘जगली’ असा रकानाच त्या तक्त्यात नव्हता आणि तो असावा, असे टिपण आम्ही कधी लिहिले नाही. शंभर वर्षांच्या लिंबाची भरपाई हातभर उंचीच्या दहा रोपांनी कागदावर मात्र चोख होत असे.

भैरवगडचा सिद्धवट अद्याप उभा आहे. तो तोडून वर लोखंडी पत्रे ठोकले, तरी त्यांस भेदून पालवी फुटली, अशी कथा आपण सारेच ऐकत आलो. आमच्या गल्लीतला वड मात्र रस्तारुंदीत गेला. गेल्या वटपौर्णिमेस सूनबाईंनी पूजेसाठी बाजारातून वडाची फांदी आणली. ती कोठून तोडली, हे आम्ही विचारले नाही.