गोचीड, माकड आणि काजूची बाग

आमच्या वडगाव निंबाळकरला गोचीड म्हणजे म्हशीच्या कानातून उपटून फेकायची गोष्ट. तिच्या भीतीनं कुणी रानात जायचं सोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण 1957 साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापानं फणफणली. विषाणू शोधून काढला तो पुण्यातल्याच संस्थेनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं. तो पसरवत होती गोचीड. माकड मेलं की तिच्यासारख्या असंख्य गोचिडी अंगावरून उतरून पाचोळ्यात पसरतात. या तापात शंभरातले तीन ते पाच जण दगावतात.

2016 मध्ये हा माकडताप सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात उफाळला. अर्धवाढीच्या गोचिडी उन्हाळ्याकडे जास्त चावतात, आणि काजूचा हंगामही नेमका तेव्हाच! ट्रेकवाले एखादा रविवार घरी बसतील हो, पण बागायतदारानं बिया झाडाखाली कुजू द्यायच्या? 'जंगलात जाऊ नका' हा सल्ला मला शहरीच वाटतो. तिथली माणसं अंगाला डीएमपी तेल चोळून, पूर्ण बाह्या घालून बागेत उतरतात, आणि घरी आल्यावर कपड्यांसकट सगळं गरम पाण्यानं धुतात.

मीही कोकणातल्या रानवाटा सोडलेल्या नाहीत. फक्त पाचोळ्यात बसत नाही.