हिमालयात लटकलेली सिट्रोएन: 1931 च्या 'पिवळ्या सफरी'चं फुटेज नेमकं कुणाचं?

दगडी बांध ढासळलाय, अर्धी वाट दरीत गेलीय आणि उरलेल्या कडेवर एक गाडी तिरकी होऊन अडकलीय. माणसं दोर लावून तिला ओढतायत. जुन्या मोटारींच्या पेजवर हा ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. खाली कमेंट ठरलेल्या, 'याला म्हणतात खरं ऑफरोडिंग' किंवा 'हे एडिट केलंय'.

एडिट केलेलं नाही. ही गाडी सिट्रोएनची आहे, साल आहे 1931 आणि जागा आहे श्रीनगरहून गिलगिटला जाणारी डोंगरवाट. 2021 पासून भारतात गाड्या विकणारी सिट्रोएन ती हीच. फोटो 'क्रुआझिएर जोन' नावाच्या मोहिमेतला आहे. सरळ मराठीत सांगायचं तर 'पिवळी सफर'. या मोहिमेवर एक अख्खा बोलपटही तयार झाला. पण ज्या दिग्दर्शकाने महिनोन् महिने फिरून तो चित्रित केला, त्याच्या हातून तो काढून घेण्यात आला.

जाहिरातीसाठी अर्धी पृथ्वी

आंद्रे सिट्रोएन यांना जाहिरातीचं वेड होतं. 1925 पासून जवळपास नऊ वर्षं आयफेल टॉवरवर दिव्यांच्या अक्षरांत त्यांच्या कंपनीचं नाव झळकत होतं. गाडी भारी आहे हे सांगून पटत नसेल, तर जिथे रस्ताच नाही तिथे ती नेऊन दाखवायची, असा त्यांचा खाक्या.

त्यासाठी त्यांच्याकडे एक खास गाडी होती. पुढे साधी चाकं आणि मागे रणगाड्यासारखा पट्टा, फक्त तो रबराचा. ही युक्ती अदोल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनिअरची. ते रशियाच्या झारच्या गॅरेजमध्ये कामाला होते आणि बर्फात गाडी चालावी म्हणून त्यांनी ती शोधली होती. रशियन क्रांतीनंतर केग्रेस मायदेशी परतले आणि सिट्रोएन यांनी त्यांना हाताशी धरलं.

आधी 1922-23 मध्ये या गाड्यांनी सहारा ओलांडला. मग 1924-25 मध्ये अल्जीरियातून निघून थेट मादागास्करपर्यंत आफ्रिका पार केली. त्या मोहिमेचं नाव 'काळी सफर' आणि नंतर आशियाची ती 'पिवळी'. माणसांच्या कातडीच्या रंगावरून खंडांना नावं द्यायची, हे तेव्हाच्या युरोपात कुणाला खटकत नव्हतं. काळ्या सफरीचा चित्रपट लेओं प्वारिए यांनी केला, तो 1926 मध्ये आला. प्वारिए हे नाव लक्षात ठेवा, गोष्टीत ते परत येणार आहे.

दोन टोकांकडून दोन गट

आशियाची योजना अशी होती. एक गट भूमध्य समुद्राकाठच्या बैरूतहून पूर्वेला निघेल, दुसरा चीनमधल्या तिआनजिनहून पश्चिमेला. मध्य आशियात दोघे भेटतील आणि मिळून पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला जातील. पहिल्या गटाचे आणि सगळ्या मोहिमेचे प्रमुख होते जॉर्ज-मारी हार्ट, सिट्रोएन यांचे जुने सहकारी. सोबतीला लुई ओदुआँ-द्युब्रेय. चीनकडच्या गटाचे प्रमुख नौदलातले तरुण अधिकारी व्हिक्टर प्वाँ.

एप्रिल 1931 च्या पहिल्या आठवड्यात दोन्ही गट दोन दिवसांच्या अंतराने निघाले. प्रत्येकाकडे सात गाड्या. मेकॅनिक, डॉक्टर, स्वयंपाकी तर होतेच, पण पुरातत्त्वज्ञ जोसेफ हाकँ, चित्रकार अलेक्सांद्र याकोव्लेफ, नॅशनल जिओग्राफिकचे मेनार्ड ओवेन विल्यम्स आणि चीनच्या गटात भूगर्भशास्त्रज्ञ असलेले धर्मगुरू तेय्यार द शार्दां हेही होते. आणि होतं एक चित्रपट पथक. दिग्दर्शक आंद्रे सोव्हाज, कॅमेरामन लेओं मोरिझे आणि आवाजाच्या यंत्रांवर विल्यम सिव्हेल.

आवाजाची यंत्रं सोबत नेणं ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती, हे आपल्याकडच्या तारखांवरून कळेल. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' मुंबईत लागला 14 मार्च 1931 रोजी. हे लोक बैरूतहून निघाले त्याच्या तीनच आठवडे आधी. स्टुडिओच्या चार भिंतींत आवाज पकडतानाही जिथे दमछाक होत होती, तिथे ही मंडळी ती अवजड यंत्रं घेऊन वाळवंटात निघाली होती.

गाडी चालली की गाडी नेली?

मूळ रस्ता सोव्हिएत मध्य आशियातून जाणार होता. मॉस्कोने ऐनवेळी परवानगी नाकारली. मग नकाशावर उरला दक्षिणेकडचा रस्ता. इराण, अफगाणिस्तान, खैबर खिंड, पेशावर, श्रीनगर आणि तिथून हिमालय.

श्रीनगर-गिलगिट ही वाट खेचरांसाठी होती. ब्रिटिशांची गिलगिटमधली ठाणी तिच्यावर अवलंबून असायची आणि वर्षातले थोडेच महिने ती उघडी असे. वाटेतली बुरझिल खिंड जवळपास 4,200 मीटर उंच. म्हणून हार्ट यांनी सातपैकी दोनच गाड्या पुढे न्यायचं ठरवलं. एकीचं नाव 'सोनेरी भुंगा', दुसरीचं 'रुपेरी चंद्रकोर'. 12 जुलै 1931 ला श्रीनगर सोडलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दोन्ही गाड्या गिलगिटला पोहोचल्या.

फोटोत अडकलेली गाडी म्हणजे हा सोनेरी भुंगा. तिच्या वजनाने कडेचा दगडी बांध खचला आणि ती दरीवर लोंबकळली. दोर लावून तिला वाचवलं. पुढे दरड कोसळून वाटच नाहीशी झाली होती, तिथे गाड्यांचे सुटे भाग केले, ते माणसांच्या पाठीवरून पलीकडे नेले आणि तिथे गाड्या पुन्हा जोडल्या. म्हणजे काही टप्प्यांत गाडीने माणसांना नेलं नाही, माणसांनी गाडीला नेलं. ओझं वाहणारे हे लोक काश्मीर आणि गिलगिट भागातले. फ्रेंच तंत्रज्ञ आणि शास्त्रज्ञांची नावं पुस्तकांत पानोपानी सापडतात. यांची शोधावी लागतात.

आणि गिलगिटनंतर? तिथून पुढे या दोन गाड्या गेल्याच नाहीत. हार्ट आणि मंडळी हुंझामार्गे घोड्यांवरून चीनच्या हद्दीत उतरली. त्यामुळे 'बैरूत ते बीजिंग सलग गाडीने' असं कुठे वाचलंत तर ते अर्धसत्य आहे. हिमालय गाडीने ओलांडून दाखवणं ही जाहिरातीची गरज होती. गाड्या गिलगिटला पोहोचल्या आणि ती भागली. आज तो रस्ताही एकसंध उरलेला नाही. श्रीनगर भारतात, गिलगिट पाकिस्तानच्या ताब्यात आणि मधून नियंत्रण रेषा जाते.

तिकडे चीनचा गट वेगळ्याच लफड्यात सापडला होता. शिनजियांगमध्ये बंड पेटलेलं आणि तिथले गव्हर्नर जिन शूरेन यांनी या परक्यांना उरुमचीत अडकवून ठेवलं. त्यांना फ्रेंचांच्या गाड्या आणि रेडिओ हवे होते. बऱ्याच घासाघिशीनंतर प्वाँ यांना काही गाड्या घेऊन पुढे जाता आलं आणि 8 ऑक्टोबरला अक्सूमध्ये दोन्ही गट भेटले. त्यानंतर पुन्हा उरुमचीतला मुक्काम, पुन्हा देवाणघेवाण आणि मग ऐन हिवाळ्यात, उणे 30 अंशांच्या आसपासच्या थंडीत गोबीचं वाळवंट. सुमारे 12,000 किलोमीटर पार करून 12 फेब्रुवारी 1932 ला मोहीम पेकिंगला पोहोचली. त्याच महिन्यात इकडे 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट लागला होता.

महिनाभरातच, मार्च 1932 मध्ये, हाँगकाँगला न्यूमोनियाने हार्ट यांचा मृत्यू झाला. मोहिमेचा नायक गेला होता. हातात उरलं ते फुटेज.

सोव्हाज यांनी काय टिपलं?

सोव्हाज हे कंपनीच्या जाहिराती करणारे दिग्दर्शक नव्हते. 1928 मध्ये त्यांनी पॅरिस शहरावर एक मूकपट केला होता. त्यात कालवे होते, गल्ल्या होत्या आणि कामावर निघालेली साधी माणसं होती. पॅरिसच्या कवी-चित्रकारांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. असा माणूस आशियात गेल्यावर कॅमेरा कुठे वळवणार? तो वळला बाजारांकडे, गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांकडे, चेहऱ्यांकडे. गाड्याही होत्या, पण त्या निमित्तापुरत्या.

परतल्यावर सोव्हाज यांनी स्वतःच्या पद्धतीने चित्रपट जोडला. आंद्रे सिट्रोएन यांनी तो पाहिला आणि त्यांना तो अजिबात पसंत पडला नाही. पैसे त्यांचे, गाड्या त्यांच्या आणि पडद्यावर मात्र भलतंच. निर्मिती पाते-नातान या कंपनीची होती. सिट्रोएन यांनी तिच्याकडून चित्रपटच विकत घेतला आणि पुन्हा जोडायला दिला लेओं प्वारिए यांना. होय, काळ्या सफरीवाले तेच. या प्रवासात प्वारिए नव्हते. दुसऱ्याने पाहिलेलं आणि टिपलेलं घेऊन त्यांना टेबलावर बसून गोष्ट रचायची होती आणि त्यांनी ती रचली ती मोहिमेच्या आणि तिच्या नेत्याच्या पराक्रमाची.

'क्रुआझिएर जोन' 1934 मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिट्रोएन कंपनीचं दिवाळं निघालं आणि ती टायरवाल्या मिशेलिनच्या हातात गेली. जुलै 1935 मध्ये आंद्रे सिट्रोएन वारले. ज्या ब्रँडसाठी चित्रपट बदलला, तो ब्रँडच मालकाकडे राहिला नाही.

प्वारिए यांच्यावर सगळा राग काढणं सोपं आहे, पण पूर्ण बरोबर नाही. त्या काळात फिल्मवर मालकी निर्मात्याचीच असायची आणि 'डायरेक्टर्स कट' वगैरे लाड नव्हते. शिवाय त्यांनी काहीही जोडलं असलं तरी फुटेज सोव्हाज यांच्या पथकाचंच राहिलं. त्यामुळे आज हा चित्रपट बघायला मिळाला तर दोन थर वेगळे करून बघता येतात. क्रम, निवेदन आणि वीररस हा एक थर. आणि एखादा चेहरा जिथे गरजेपेक्षा क्षणभर जास्त पडद्यावर राहतो, तो दुसरा. फुटेज म्हणजे पुरावा, असं आपण धरून चालतो. इथे तेच फुटेज दोन माणसांनी जोडलं आणि दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. त्यातली एकच जगापुढे आली.

सोव्हाज यांनी सिनेमा सोडला तो कायमचा. ते शेतीकडे वळले. 1975 मध्ये ते गेले. त्यांचा पॅरिसवरचा मूकपट अलीकडच्या काळात पुन्हा दाखवला जाऊ लागलाय आणि तो मात्र त्यांनीच जोडलेला आहे.