रोखे, जामीन आणि आपली पहिली कमिटी

बँकेत असताना आम्ही कर्जदारापेक्षा जामीनदाराला जास्त न्याहाळायचो. गरजवंत गोड बोलणारच. पण त्याच्यासाठी सही करणारे दोघे गावात मिळतात का, हे खरे. या सहीमागे मोठा इतिहास आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे, जाळायला. अक्षरशत्रू माणसाची निशाणी त्या कागदावर, आणि कोर्ट मानणार कागदाला! १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला सांगितले. कायदा चांगला, पण सावकाराने हात आखडला तर बियाण्याला पैसा कोण देणार?

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने निराळी वाट धरली. किमान दहा जणांनी एकत्र यायचे आणि ग्रामीण संस्थेत जबाबदारी अमर्यादित. एकाने बुडवले तर झळ सगळ्यांना. म्हणजे शेजाऱ्याची ऐपत साहेबाने नव्हे, शेजाऱ्यानेच ओळखायची. मुंबईत रावबहादूर तल्मकी यांनी १९०६ साली श्यामराव विठ्ठल पतसंस्था काढली, आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. ती आपल्या सोसायटीची पणजीच म्हणायची.

आता आपले. नोंदणी झाली, पहिली कमिटी निवडायची होती. पार्किंगमध्ये सभा, देवळालीची थंडी, सगळे मफलर गुंडाळून. गणपतीच्या वर्गणीला पुढे असणारे एम-२० बंधपत्राचे नाव काढताच मागे सरकले. "एकाने घोळ केला तर भरायचे सगळ्यांनी?" होय, तसेच होते. खरे सांगतो, मीही गप्प होतो. जन्मभर दुसऱ्यांचे जामीन तपासले, स्वतः कुणाला कधी राहिलो नव्हतो.

तोफखान्यातून निवृत्त झालेल्या सुभेदारसाहेबांनी एवढेच विचारले, "जमाखर्च दर महिन्याला बोर्डावर लागणार का?" मी म्हटले, लावू. त्यांनी तिथेच सही केली. मग मला बसून राहणे जड गेले.

पुढची बरीच वर्षे महिन्याच्या पाच तारखेला तो कागद लागत असे. चुकाही त्यातच सापडल्या. एकदा माझीच, ४१० रुपयांची. हल्ली तो तीन-चार महिन्यांनी दिसतो. विचारले तर उत्तर मिळते, "काका, आपल्यात कोण खातंय?" कुणी खात नाही, मलाही माहीत आहे. तरी कागद लावा. आणि बोर्डाची काच फुटली आहे, तेवढी बसवून घ्या.