उदरदर्शक शस्त्रक्रिया

उदरदर्शक शस्त्रक्रिया (लॅपरोस्कोपी) ही पोटाची भिंत मोठा छेद देऊन न उघडता, 5 ते 12 मिलिमीटरच्या काही छिद्रांतून करावयाची शस्त्रक्रिया होय. ‘लापारा’ (कूस) व ‘स्कोपेइन’ (पाहणे) या ग्रीक शब्दांपासून मूळ संज्ञा बनली आहे. मराठीत ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. वस्तुतः येथे पाहावयाचा अवयव दूर नसून भिंगापासून काही सेंटिमीटरवरच असतो. ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे, कारण छिद्रे बुजविण्यासाठी एक-दोन टाके बहुधा घालावेच लागतात.

इतिहास

1901 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून मूत्राशय तपासण्याच्या नळीने आतील अवयव पाहिले. 1910 मध्ये स्वीडनच्या हान्स क्रिस्तियन याकोबेउस यांनी हेच तंत्र माणसावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अनेक दशके त्याचा उपयोग मुख्यत्वे निदानासाठी व स्त्रीरोगचिकित्सेत होत राहिला. 12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीत एरिख म्यूहे यांनी या मार्गाने प्रथमच पित्ताशय काढले. त्यांच्या व्यवसायबंधूंनी आरंभी त्याची उपेक्षा केली. 1992 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक संघटनेनेच त्यांना गौरविले. भारतात ही पित्ताशय-शस्त्रक्रिया प्रथम 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली.

पद्धत

रुग्णाला सामान्यतः पूर्ण भूल देतात. बेंबीजवळच्या छिद्रातून कार्बन डायऑक्साइड वायू आत सोडला की पोटाची भिंत तंबूच्या कापडासारखी वर उचलली जाते आणि हत्यारे फिरविण्यास जागा होते. आतील दाब बहुधा पाऱ्याच्या 12 ते 15 मिलिमीटरपर्यंत राखतात. हाच वायू निवडण्याचे कारण असे, की तो पेट घेत नाही, त्यामुळे विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबविता येतो. शिवाय तो रक्तात सहज विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. नळीच्या टोकावरील कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर मोठे होऊन दिसते आणि शल्यचिकित्सक त्याकडे पाहत लांब दांड्याच्या हत्यारांनी काम करतो. हाताला होणारा स्पर्श येथे बराचसा हरपतो. त्याची भरपाई दृष्टीने व सरावाने करावी लागते.

पित्ताशय, आंत्रपुच्छ, अंतर्गळ, गर्भाशय व अंडाशय यांचे विकार, तसेच स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यांसाठी ही पद्धत सर्रास वापरतात.

रुग्णाला होणारे लाभ

छेद लहान म्हणजे शस्त्रक्रियाही लहान, असा समज आढळतो. तो खरा नाही. पित्ताशय काढावयाचे तर त्याची नलिका व रक्तवाहिनी दोन्ही पद्धतींत तोडाव्याच लागतात; वाचते ती पोटाच्या भिंतीवरील जखम. या पद्धतीचे बहुतेक लाभ त्या एकाच गोष्टीतून निघतात. स्नायू कापले न गेल्याने वेदना कमी होते. वेदना कमी म्हणून रुग्ण खोल श्वास घेतो, खोकू शकतो, त्याच दिवशी चालू लागतो, आणि त्यामुळे छातीत कफ साचण्याचा धोका घटतो. जखमेत पू होणे व पुढे तेथे अंतर्गळ उद्भवणे यांचे प्रमाणही कमी असते. साध्या पित्ताशय-शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बहुधा एका दिवसात घरी जातो आणि एक-दोन आठवड्यांत हलकी कामे करू लागतो. हातावर पोट असणाऱ्याला हा बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न असल्याने, हत्यारे महाग असली तरी एकूण हिशेब पुष्कळदा याच पद्धतीच्या बाजूने पडतो.

मर्यादा व धोके

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तेव्हा रुग्ण बुचकळ्यात पडतो. उरलेल्या वायूमुळे श्वासपटल डिवचले जाते आणि त्याच्या मज्जातंतूचा उगम मानेत असल्याने वेदना खांद्यात जाणवते. ती आपोआप शमते. आतडे, रक्तवाहिनी वा मुख्य पित्तनलिका यांना इजा होणे हे विरळ, पण गंभीर धोके आहेत. पोटदुखी वाढत जाणे, ताप, वारंवार उलट्या किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही घरी गेल्यावर आढळल्यास तत्काळ रुग्णालयात परतावे.

तीव्र हृदयविकार वा फुप्फुसविकार असणाऱ्यांना वायूचा दाब सोसेलच असे नाही. आधीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी चिकटलेली असली, किंवा रक्तस्राव आटोक्यात येईना, तर पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करतात. नातेवाईक याला पुष्कळदा अपयश समजतात. प्रत्यक्षात तो रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो. म्हणूनच संमतिपत्रात या शक्यतेचा उल्लेख असतो, आणि सही करण्यापूर्वी तो वाचून शंका विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.