ठाकुर्लीला न थांबणारी गाडी

‘फास्ट’चा अर्थ ठाकुर्लीकराला विचारावा. गाडी जोरात पळते म्हणून ती फास्ट, हे शाळेतलं उत्तर. आमच्याकडे फास्ट म्हणजे आपल्या स्टेशनात न थांबणारी गाडी. डोंबिवली सोडली की थेट कल्याण. मधे फलाटावर उभे राहून आम्ही तिचा वारा खायचा. नोकरी होती तोवर मी रोज सकाळी डोंबिवलीपर्यंत चालत जाऊनच फास्ट पकडली.

फास्ट आणि स्लो हा भेद रुजला तो ठाण्यापुढच्या पारसिकच्या डोंगरामुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा फास्ट-स्लो हा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, पण खाडीच्या कडेने, मुंब्र्याचा वळसा घेत. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला; लांबी सव्वा किलोमीटरहून जास्त. वळसा वाचला. पण बोगद्याच्या वाटेवर कळवा स्टेशन नाही, मुंब्राही नाही. पुढे लोकल धावू लागल्या, तेव्हा बोगद्यातून जाईल ती फास्ट आणि वळशाने जाईल ती स्लो, अशी वाटणी झाली. चारचे बारा डबे झाले, पंधराही झाले. वाटणी तीच राहिली.

मग शब्दाला फाटे फुटले. स्लोपेक्षा कमी आणि फास्टपेक्षा जास्त ठिकाणी थांबणारी ती सेमीफास्ट. २००५ मध्ये निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ हा चित्रपट आला आणि हा इंडिकेटरवरचा शब्द महाराष्ट्रभर पोचला. फास्टचा थांबा हा तर गावाचा मानच. दिवा स्टेशनच्या प्रवाशांची ती मागणी जुनी. जानेवारी २०१५ मध्ये तिथे रेलरोको चिघळला आणि डिसेंबर २०१६ मध्ये फास्ट दिव्याला थांबू लागली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या, तरी त्यांतल्या बहुतेक तिथे थांबत नाहीत. शंभर वर्षं सांगितलेलं डोंगराचं कारण आता उरलेलं नाही. उरलंय ते वेळापत्रक. बोगद्यासाठी डोंगर फोडावा लागला होता, वेळापत्रक बदलायला कागद पुरतो. तेव्हा कळवा-मुंब्रेकरांनो, मागणी सोडू नका. आणि जमलं तर आमच्या ठाकुर्लीचंही नाव त्यात घाला.