गळाने मासेमारी : नवशिक्याची साधने (झाशी परिसर)

काठी, दोरा, गळ व आमिष यांच्या साहाय्याने एकेक मासा धरण्याची छंदाची पद्धत. झाशीजवळ बेतवा नदी, तिच्यावरील परीछा धरण व बरुआसागर तलाव येथील संथ पाण्यात रोहू, कटला, मृगल हे मासे आढळतात. साधनांची निवड त्यांच्यावरून ठरते.

नवशिक्यास सु. २ ते २.५ मी. लांबीची, मध्यम ताकदीची फायबरची काठी, स्पिनिंग रीळ आणि सु. ०.३० मिमी. जाडीचा नायलॉन दोरा पुरतो. गळाचा क्रमांक वाढतो तसा त्याचा आकार लहान होतो. कणकेच्या गोळीस ६ ते ८ क्रमांकाचा गळ योग्य. आमिषाची खोली तरंगत्या बुचाने राखतात : कटला वरच्या, रोहू मधल्या, तर मृगल तळाच्या थरात चरतो. गाठ आवळण्यापूर्वी दोरा ओला करावा. कोरडा दोरा घर्षणाने तापून कमकुवत होतो.

हे मासे पावसाळ्यात अंडी घालतात; त्या काळात त्यांना धरू नये. स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने बंदी आहे. गळ टाकण्यापूर्वी स्थानिक परवान्याची चौकशी करावी.