नवा बाजार आणि जुनी उचल

आमच्या अणदूर-नळदुर्ग भागातली काही शिकलेली पोरं उस्मानाबादी शेळ्या-बोकडांचा ऑनलाइन बाजार सुरू करायच्या विचारात आहेत. बकरी ईदला मुंबई-हैदराबादचं गिऱ्हाईक थेट शेळीपालकाशी जोडायचं, ही कल्पना. ॲप तयार करणारा मिळाला, नावही ठरलं. मला त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की ॲप म्हणजे बाजार नव्हे. चालू बाजारासमोर नवा बाजार उभा करणं ही फार जुनी लढाई आहे आणि तिचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

हिजरतीनंतर, म्हणजे इ.स. 622 मध्ये, मुसलमान मदिन्यात आले तेव्हा तिथं बनू कैनुकाचा बाजार जोरात होता. मक्केहून रिकाम्या हातानं आलेले अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) याच बाजारात पनीर आणि तूप विकून उभे राहिले, असं हदीसमध्ये आहे. पुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वेगळी मोकळी जागा बाजारासाठी नेमून दिली. परंपरेनुसार तिथं कर नव्हता, भाडं नव्हतं. कायमचं दुकान कुणाच्या नावे नव्हतं. मशिदीत जो आधी येईल तो पुढे बसतो, तसाच इथला नियम.

पण फुकट जागेवर बाजार टिकत नाही. त्यासाठी विश्वास लागतो. म्हणून खोटी बोली लावून भाव चढवण्यास मनाई झाली. बाजारभाव कळण्याआधीच गावाबाहेर काफिला गाठून माल उचलण्यासही मनाई झाली. आजच्या भाषेत पहिला नियम खोट्या रिव्ह्यूविरुद्धचा आणि दुसरा माहिती दडवून ठेवण्याविरुद्धचा. नव्या बाजाराचं खरं भांडवल हेच होतं.

आपल्याकडेही हा झगडा झाला. व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली बोटं धरून सौदा करत. त्याला हत्ता पद्धत म्हणत. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. 1886 मध्ये वऱ्हाडात कारंजा इथं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. तो देशातला पहिला मानतात. 1897 मध्ये वऱ्हाडचा कायदा आला. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, तिथं 1930 मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा झाला. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा 1963 चा. कायद्यानं रुमाल काढला, उघडा लिलाव आणला. आडत्या मात्र राहिलाच.

का राहिला? कारण तो फक्त माल विकत नाही. पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला रात्री-अपरात्री उचल देतो. ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच दारात माल न्यावा लागतो. 14 एप्रिल 2016 रोजी आठ राज्यांतल्या 21 बाजारांत ई-नाम सुरू झालं, नंतर ते पुष्कळ वाढलं. पण दूरच्या व्यापाऱ्यानं पडद्यावर पाहून माल घ्यायचा, तर प्रत तपासणारा, वाहतूक पाहणारा आणि वाद मिटवणारा कुणीतरी हवा. यातलं एकही काम संगणक एकटा करत नाही.

मोठ्या भांडवलाचीही गत वेगळी नाही. 2000 मध्ये सुरू झालेला बाझी डॉट कॉम 2004 मध्ये ईबेनं विकत घेतला. जगभर पसरलेली कंपनी, तरी 2017 मध्ये तिनं भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टकडे सोपवला. विकणारे नाहीत म्हणून घेणारे येत नाहीत आणि घेणारे नाहीत म्हणून विकणारे येत नाहीत. हे कोडं सुटेपर्यंत तोटा सोसावा लागतो. ज्याची तोटा सोसायची ताकद जास्त, तो टिकतो. आपल्या पोरांकडे ती ताकद नाही, म्हणून कर्ज काढून सवलती वाटायच्या फंदात त्यांनी पडू नये. त्या खेळात ती हरणारच.

मग वाट कोणती? ती आपल्या गावगाड्यात दिसते. आठवडी बाजारांचे वार शेजारच्या गावांनी वाटून घेतले, म्हणून लहान गावांचेही बाजार जगले. जत्रेत माणसं आधी जमतात, मग पालं पडतात. नळदुर्गच्या पौष पौर्णिमेच्या खंडोबा यात्रेत हे दिसतं. देवाची एकच मूर्ती अणदूर आणि नळदुर्ग ही दोन गावं ठरलेल्या काळासाठी आळीपाळीनं नेतात, त्याचा लेखी करार होतो. मालकी कुणाची यावर भांडत बसण्यापेक्षा नियम आधी लिहून काढले, तर दोघांचंही निभतं.

म्हणून माझा सल्ला असा. आधी ईदच्या महिन्यापुरताच बाजार लावा, गर्दी आपसूक असते. समोर देवनारसारखा बाजार आहे. तिथं माणूस बोकडाचे दात मोजतो, कान-शिंग पाहतो, चालवून बघतो. कुर्बानीचं जनावर निर्दोष असावं लागतं, त्यामुळे केवळ फोटोवर कुणी पैसे टाकणार नाही. तुमच्या वतीनं गोठ्यावर जाऊन जनावर तपासणारा, दोष असेल तर तो स्पष्ट लिहिणारा भरवशाचा माणूस आधी शोधा. शेळीपालकाला त्याच दिवशी पैसे द्या, कारण त्याच्याही डोक्यावर कुणाची तरी उचल असते. पहिल्या वर्षी पन्नास बोकड विका, पण एकही तक्रार पुढच्या ईदपर्यंत शिल्लक ठेवू नका.